उकाड्याचा सौदा

ग्रुपचं नाव होतं 'पाच धान्यं', आणि त्यात माणसं होती तीन. सुरुवातीला पाच होती. पण भाताच्या गप्पांत पुस्तकं शिरली तेव्हा चिकट तांदळाने काढता पाय घेतला, आणि पुस्तकांच्या गप्पांत कॉम्प्युटरची दुखणी शिरली तेव्हा लाल चवळीही निघून गेली. उरले राळा, ज्वारी आणि काळं सोयाबीन. खरं नाव कोणी सांगायचं नाही आणि कोणी विचारायचंही नाही, असा ग्रुपचा नियम होता. ज्याने त्याने एक धान्य निवडायचं आणि त्याच नावाने नांदायचं.

राळा म्हणजे हाम बोरा. सुवन शहरातल्या बियाणं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती कामाला होती. ओल्या कागदावर बिया मांडायच्या, ठरावीक उबेत ठेवायच्या आणि किती रुजल्या ते पाहायचं, हे तिचं काम. ग्रुपमध्ये सगळ्यांत लहान तीच, म्हणून सगळ्यांत बारीक दाणा तिने आपल्या नावाला घेतला होता.

ज्वारी म्हणजे जंगसनच्या डोंगरात एकटी राहणारी सत्तरीची बाई. बोरा तिला मावशी म्हणायची. सोयाबीन म्हणजे बुसानचे काका. त्यांनी जन्मभर जहाजांवर बिनतारी यंत्र सांभाळलं होतं आणि आता बंदराजवळ जुन्या पुस्तकांचं दुकान थाटलं होतं. दुकानात गिऱ्हाईक कमी, त्यामुळे काका ग्रुपवर जास्त. तिघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण कोणाच्या घरी काय शिजतंय, कोण काय वाचतंय आणि कोणाचा प्रिंटर रुसलाय, हे तिघांनाही ठाऊक असायचं.

नव्या चांद्र वर्षाची पहिली पौर्णिमा उद्यावर आली होती. आदल्या संध्याकाळी पाच धान्यांचा भात करायचा असतो, त्यामुळे दुपारपासूनच ग्रुप तापला होता.

'मावशी, ज्वारी भिजत घातली होती. पाणी लाल झालंय. हेच भाताला वापरू का?' बोराने विचारलं.

'अगं राळे, ते ओत मोरीत. ज्वारीचं पहिलं पाणी तुरट असतं. दोनदा तरी बदल. भाताला रंग हवा तर चवळी उकडलेलं पाणी घे.'

'पण तेही लालच आहे की.'

'शास्त्र शिकलीस ना तू? मग जीभ लाव आणि बघ.'

बोराने दोन वाट्या समोर घेतल्या आणि खरंच जीभ लावली. पहिलं पाणी तोंडात जाताच गाल आतून आवळले गेले. दुसरं गोडसर निघालं. हा निकाल तिने ग्रुपवर कळवला.

'सोयाबीन वेगळं भिजवा,' काका म्हणाले. 'मला ज्वारीच्या शेजारी बसवू नका.'

'तुम्हाला बसवतंय कोण. शिजायला सगळ्यांत जास्त वेळ लावणार, वर तोरा,' मावशींनी लिहिलं. 'आणि राळे, आज लवकर झोपू नकोस हो. पौर्णिमेच्या आदल्या रात्री झोपलं की भुवया पांढऱ्या होतात.'

'माझ्या जागूनही झाल्या,' काका म्हणाले.

मग बोलणं मावशींच्या वाचनावर गेलं. शरद ऋतू लागल्यापासून त्या एक जाडजूड कादंबरी मोठ्याने वाचून कॉम्प्युटरवर ध्वनिमुद्रित करत होत्या. नदीकाठच्या एका नावाड्याच्या घराण्याची तीन पिढ्यांची ती गोष्ट. अंध वाचकांच्या ग्रंथालयासाठी त्या हे काम हौसेने करायच्या. बाहेर बर्फ पडलं की डोंगरात गाडीघोडा बंद होतो, आवाज कसला तो येत नाही, म्हणून वाचनासाठी हिवाळाच बरा असं त्यांचं मत होतं. आता शेवटची थोडी प्रकरणं राहिली होती. नेहमीसारखं बोराने विचारलं, 'मावशी, त्याची दुसरी प्रत काढून ठेवली का? सगळं त्या एकाच कॉम्प्युटरवर आहे.'

'भांडी आवरली की काढते,' मावशींनी नेहमीचंच उत्तर दिलं.

बोराचा भात त्या रात्री गिचका झाला. चिकट तांदळाला पाणी कमी लागतं हे तिने वाचलं होतं, पण किती कमी याबद्दल तिच्या तीन पुस्तकांत तीन मतं होती आणि तिने त्यांची सरासरी काढली होती. तो भात खाऊन, भुवयांची पर्वा न करता ती झोपली.

सकाळी उठून फोन पाहिला तर मावशींचा रात्रीचा मेसेज येऊन पडला होता.

'कॉम्प्युटर लालभडक झालाय आणि भोंगा वाजवतोय. वर लिहिलंय की आत विषाणू शिरलाय, कॉम्प्युटर बंद करू नका, केलात तर सगळं पुसलं जाईल. नाव आणि फोन नंबर मागितला. आमचा माणूस सकाळी फोन करून दुरुस्त करून देईल म्हणे. दिलं बाई सगळं. कॉम्प्युटरवर गोधडी टाकून झोपते. भुवयांचं काय व्हायचं ते होवो.'

बोरा अंथरुणात ताठ उठून बसली. असला लाल पडदा तिने पाहिला होता. गेल्या वर्षी तिच्या प्रयोगशाळेतल्या विभागप्रमुखांच्या टेबलावर तो झळकला होता. त्यांनाही असाच एक फोन आला होता. गोड आवाजाचा माणूस, घाई नाही, अरेरावी नाही. एवढा छोटासा प्रोग्रॅम उतरवून घ्या म्हणाला. तो उतरवला आणि कॉम्प्युटरचं सुकाणू त्याच्या हातात गेलं. आधी बँकेतलं खातं धुतलं गेलं, मग एकेक करून सगळ्या फाइलींना कुलूप लागलं. विभागप्रमुखांचे बियांचे कित्येक वर्षांचे फोटो त्या कुलपाआडून पुन्हा बाहेर आले नाहीत.

मावशींचा सगळा हिवाळा त्या एका कॉम्प्युटरमध्ये होता. आणि तो माणूस सकाळी फोन करणार होता. सकाळ तर झाली होती.

'मावशी, आहात का?' तिने लिहिलं.

मेसेजशेजारी बारीकसा 2 उमटला. दोघांनी अजून वाचलेला नाही, असा त्याचा अर्थ. बघता बघता त्याचा 1 झाला, आणि मग तो 1 ही गेला. म्हणजे दोघांनीही वाचलं. उत्तर मात्र कोणाचंच नाही.

'मावशी? ज्वारीमावशी? तातडीचं आहे.'

पुन्हा 2, पुन्हा 1, पुन्हा काही नाही. आणि पुन्हा शांतता.

मग बोराच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. आज पौर्णिमेची सकाळ. आज कोण कोणाला ओ देणार?

पहिल्या पौर्णिमेच्या सकाळी उकाडा विकायचा असतो. कोणाला तरी नावाने हाक मारायची, त्याने चुकून ओ दिली की लगेच म्हणायचं, 'माझा उकाडा घे.' झाला सौदा. येत्या उन्हाळ्यातला हाक मारणाऱ्याचा सगळा घाम, सगळी तगमग ओ देणाऱ्याच्या अंगावर. हुशार माणूस हाकेला ओ देतच नाही. त्याहून हुशार असेल तर ओ देण्याऐवजी उलट तोच म्हणतो, 'आधी माझा घे,' आणि उकाडा हाक मारणाऱ्यावरच उलटवतो. म्हणून या सकाळी घराघरांतून आया मुलांना हाका मारतात आणि मुलं भिंतीकडे तोंड करून गप्प बसतात.

आणि गेल्या वर्षी ह्याच सकाळी बोराने मावशींना असंच फसवलं होतं. 'मावशी, आहात का? तुमची वाचनाची फाइल उघडत नाही, काहीतरी बिघडलंय,' असं तिने लिहिलं होतं. मावशी घाबरून लगेच 'अगं काय झालं?' म्हणाल्या, आणि बोराने लिहिलं होतं, 'माझा उकाडा घ्या.' त्यानंतरचा अख्खा उन्हाळा मावशींनी ग्रुपवर बोराच्या नावाने घाम पुसला. पंखा बंद पडला तरी 'राळेचा उकाडा', मिरच्या करपल्या तरी 'राळेचा उकाडा'. पुढल्या वर्षी जीव गेला तरी तुला ओ देणार नाही, असं त्यांनी तेव्हाच बजावलं होतं.

'मावशी, हे गेल्या वर्षीसारखं नाही,' बोराने लिहिलं. 'खरंच सांगते. तो लाल पडदा खोटा आहे. विषाणू नाही, काही नाही. तो फोन करणारा माणूस चोर आहे. त्याचा फोन उचलू नका. तो सांगेल ते काहीही उतरवून घेऊ नका. वाचलंत तर नुसतं हो म्हणा.'

लिहून झाल्यावर तिने स्वतःच ते वाचलं आणि तिला कळलं की गेल्या वर्षीपेक्षा ही थाप किती जास्त रंगवलेली दिसतेय. नुसतं हो म्हणा. ह्याहून उघड सापळा कोणी लावला असता?

काकांकडून एक फोटो आला. वाडगंभर भात, वर काळं सोयाबीन, बाजूला पौर्णिमेच्या प्रथेचे फोडलेले अक्रोड. एक शब्द नाही.

'काका, फोटो नको, बोला. मावशींचं नुकसान होईल.'

काकांकडून दुसरा फोटो आला. आता वाडगं रिकामं होतं.

बोरा उठून खोलीत येरझाऱ्या घालू लागली. काकांनी गेल्या वर्षीच नियमांचा कीस पाडला होता, फोटो म्हणजे ओ नव्हे. त्यांचं असंही म्हणणं होतं की उकाड्याचा बाजार सूर्य उगवेपर्यंतच चालतो. त्यावर मावशी म्हणाल्या होत्या, 'तुमचा सूर्य समुद्रातून निघतो. आमच्याकडे आधी त्याला डोंगर चढावा लागतो. माझ्या अंगणात ऊन आलं की माझा बाजार बंद.' आणि मावशींच्या अंगणात ऊन यायला हिवाळ्यात जवळजवळ जेवणाची वेळ होते. तोवर त्या राळेला दाद देणार नाहीत. तोवर तो माणूस थोडाच थांबणार होता?

तिने ग्रुपवरून तिघांना जोडणारा कॉल लावला. रिंग वाजत राहिली. कोणी उचलला नाही. पोलिसांना फोन करावा, असं मनात आलं आणि तिने नंबर लावायला घेतलाही. पण सांगणार काय? जंगसनच्या डोंगरात एक मावशी आहेत. नाव? ज्वारी. गाव? माहीत नाही. घराची खूण? अंगणात ऊन उशिरा येतं. बोराने फोन खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्या बाईच्या ज्वारीचं पाणी किती वेळा बदलायचं ते तिला कळलं होतं, पण त्या बाईचं नाव कळलं नव्हतं.

तिचे सगळे मेसेज वाचले गेलेले होते. म्हणजे मावशींच्या हातात फोन आहे, इतकं नक्की. आता दोनच शक्यता होत्या. एक, त्या फोनकडे बघत गालातल्या गालात हसतायत. दुसरी, त्या गोड आवाजाचं ऐकता ऐकता मधूनच हे मेसेज नजरेखालून घालतायत आणि मनात म्हणतायत, ही राळे बघा, इथे माझा कॉम्प्युटर मेलाय आणि हिला खेळ सुचतोय. मेसेजशेजारच्या आकड्यावरून या दोन्हींतला फरक कळणं शक्य नव्हतं.

खिडकीपाशी उभं राहून बोराने स्वतःला शांत केलं. प्रयोग फसला की ती असंच करायची. नेमकं काय अडतंय? मावशींना चोराची भीती नाही, त्यांना बोराची भीती आहे. विकणाऱ्याला कोणी ओ देत नाही. बरं, पण विकत घेणाऱ्याला?

हे तर कधी कोणी केलंच नव्हतं. उकाडा गळ्यात मारतात, आपणहून मागून घेत नाहीत. पण नियमात बसत होतं. तिने नीट विचार करून लिहिलं, आणि सौद्यात खोट राहू नये म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच ग्रुपवर खरं नाव टाकलं.

'मी, सुवनची हाम बोरा, ज्वारीमावशींचा आणि सोयाबीनकाकांचा येत्या उन्हाळ्याचा सगळा उकाडा आपणहून घेते. गेल्या वर्षी मावशींना विकलेला माझा उकाडाही परत घेते. माझा मी कोणालाही विकणार नाही. आता आपल्यात द्यायला-घ्यायला काही उरलं नाही. मावशी, ओ द्या.'

2. मग 1. मग तोही गेला.

पहिलं उत्तर बुसानहून आलं, आणि असं तडफदार की जणू माणूस सकाळपासून गिऱ्हाइकाचीच वाट पाहत होता.

'विकला. बुसानचा युक दोंगमान. माल परत घेतला जाणार नाही.'

मावशींकडून काही नाही. बोरा पडद्याकडे बघत राहिली. अंगठ्याखालची काच ओलसर झाली होती.

'मागाहून शब्द फिरवणार नाहीस?' अखेर मावशींनी लिहिलं.

'नाही.'

'दोंगमान, तुम्ही साक्षीदार.'

'साक्षीदार,' काका म्हणाले.

'मग ओ. मी प्यो बुन्नाम. काय चाललंय गं तुझं सकाळपासून?'

बोराने लगेच कॉल लावला. या वेळी दोघांनीही उचलला. मावशींचा आवाज तिने ध्वनिमुद्रणात ऐकला होता, पण तो वाचनाचा, इस्त्री केलेला आवाज. आज ऐकला तो घरचा, तोंडात अक्रोड असलेला.

"मावशी, त्या माणसाचा फोन आला होता का?"

"आला ना. तूच लावला होतास ना तो पोरगा माझ्यामागे? आवाज फार गोड होता हो. कुठे मिळाला?"

"मी नाही लावला. मावशी, तो काय म्हणाला? तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? पहाटे फोन आला. म्हणतो, प्यो बुन्नामबाई बोलताय ना? आता मला सांग, पौर्णिमेच्या पहाटे कोणी नाव घेऊन हाक मारली तर शहाणं माणूस काय म्हणेल?"

काकांच्या बाजूने खुर्ची करकरली.

"मी म्हटलं, माझा उकाडा घे," मावशी म्हणाल्या. "आणि ठेवून दिला."

"आणि मग?"

"मग परत आला. अहो बाई, मी कॉम्प्युटरवाला, म्हणतो. मी मनात म्हटलं, राळेने पढवून पाठवलंय, कॉम्प्युटरचं नाव काढलं की ही म्हातारी पाघळते हे तिला ठाऊक. माझा तर विकून झाला होता. म्हणून त्याला कुत्र्याचा विकला. पौर्णिमा म्हणून बिचाऱ्या कुत्र्याला आज चंद्र उगवेपर्यंत उपास, वर त्याने उकाडा कशाला सोसायचा? तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा आवाज काही तेवढा गोड नव्हता राहिला. त्याला शेजारच्या गाईचा दिला. शेजारणीला विचारलं नाही, पण ती काही म्हणायची नाही."

"म्हणजे तुम्ही काहीच उतरवून घेतलं नाहीत? काहीच दाबलं नाहीत?"

"दाबणार कशी? कॉम्प्युटरवर गोधडी आहे."

बोराला आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि मग दोन्ही एकदम आलं. मावशी "अगं काय झालं, अगं राळे" म्हणत राहिल्या. श्वास जागेवर आल्यावर तिने त्यांना सगळं सांगितलं: विभागप्रमुख, खातं, कुलूप लागलेले फोटो. मावशींच्या तोंडातल्या अक्रोडाचा आवाज थांबला.

"म्हणजे तो खराच चोर होता," त्या हळूच म्हणाल्या. "आणि मी त्याला गाय विकली."

"गाईचा उकाडा," काकांनी दुरुस्ती केली. "पण प्योबाई, एक सांगा. तुमचा उकाडा तुम्ही पहाटेच त्या चोराला विकला होता. मग आत्ता ह्या पोरीला काय विकलंत?"

मावशींच्या तोंडातला अक्रोड पुन्हा कुरकुरू लागला.

"एकच माल दोन गिऱ्हाइकांना," काका म्हणाले. "आज सकाळी ह्या ग्रुपवर फसवणूक झाली असेल तर ती एवढीच."

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही तर पोरीला रिकामं वाडगं दाखवत होतात."

"मावशी, काका, भांडण मागाहून," बोरा म्हणाली. "कॉम्प्युटर अजून चालूच आहे. आधी भिंतीतून येणारी इंटरनेटची वायर काढा."

वायर निघाली. गोधडी निघाली. खाली पडदा तसाच लालभडक होता आणि भोंगा अजून वाजत होता. आता तो तिघांनाही ऐकू येऊ लागला.

"हे नुसतं एक पान आहे," बोरा म्हणाली. "पुस्तकाचं पान असतं ना तसं, फक्त अख्खा पडदा व्यापून बसलंय. विषाणू वगैरे काही नाही. ऑल्टची कळ दाबून धरा आणि वरच्या रांगेतलं एफ चार दाबा. पान मिटेल."

"एफ चार खाली जात नाही."

"जोरात दाबा."

"अगं जातच नाही. खाली काहीतरी अडकलंय." थोडी खुडखुड ऐकू आली. "ज्वारी. काल टेबलावर निवडत होते."

"ज्वारीनेच ज्वारीचा घात केला," काका म्हणाले. "जहाजावर असं काही झालं की आम्ही एकच करायचो. वीज तोडायची."

"इथेही तेच," बोरा म्हणाली. "मावशी, चालू करायचं बटण आहे ना, ते दाबून धरा. पडदा काळा होईपर्यंत सोडू नका."

मावशींनी बटणाला हात लावला नाही. भोंगा वाजत राहिला.

"बंद केलं तर सगळं पुसलं जाईल, असं लिहिलंय गं," त्या म्हणाल्या. "नावाड्याचा नातू परत आला, तिथपर्यंत वाचून झालंय. तो बापाला न ओळखता पलीकडे जायला नाव मागतो ना, ते प्रकरण मी चार वेळा वाचलं. दर वेळी आवाज भरून यायचा. ते आता पुन्हा तसं नाही व्हायचं माझ्याकडून."

"असं लिहिणारा कोण आहे, मावशी? ज्याला तुम्ही गाय विकली तोच ना?"

बटण दाबल्याचा आवाज आला. मग भोंगा एकदम थांबला. इतकी शांतता झाली की बुसानच्या बंदरातल्या जहाजाचा दूरचा हुंकार सुवनपर्यंत आला.

"काळा झाला," मावशी म्हणाल्या.

"आता परत चालू करा."

कॉम्प्युटर जुना. तो जागा व्हायला वेळ घेत होता. काकांनी एकदा घसा साफ केला. बोराने आपण सांगितलेलं सगळं मनातल्या मनात पुन्हा तपासून पाहिलं. तिला खात्री होती. पण दुसऱ्याच्या घरात, न दिसणाऱ्या टेबलावर, दुसऱ्याच्या बोटांनी प्रयोग करताना खात्रीलाही घाम फुटतो.

"विचारतंय, मघाची पानं परत उघडू का."

"नाही म्हणा. नाहीवरच दाबा."

"दाबलं. आता नेहमीचं चित्र आलं. धबधब्याचं."

"वाचनाच्या फाइली ठेवल्यात ती पेटी उघडा."

एक टिकटिक. दुसरी टिकटिक. मग काही नाही.

"मावशी?"

फोनमधून दुसऱ्याच मावशी बोलू लागल्या, त्या इस्त्री केलेल्या आवाजात. पैलतीरावर दिवा दिसत होता आणि नातू ओलेत्या अंगाने नावेकडे येत होता. दोन-तीन वाक्यांनंतर तो आवाज किंचित भरून आला आणि सावरला.

"आहे," खऱ्या मावशी म्हणाल्या. "सगळं आहे. खालपर्यंत पाहिलं." आणि त्यांनी असा लांब श्वास सोडला की फोनमध्ये वारा सुटल्यासारखं वाटलं.

काकांनी नाक शिंकरलं. सर्दी आहे म्हणाले.

बोराने मात्र आता कोणाचंही ऐकून घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. भांडी नंतर आवरायची, कुत्र्याकडे नंतर बघायचं, आधी प्रत. वायर पुन्हा लावून घेतली, पान कसं उघडायचं, फाइल कुठे ओढून टाकायची ते सावकाश सांगितलं. मावशींनी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली आणि एकदाच केली. डोंगरातलं इंटरनेट डोंगरासारखंच जागचं न हलणारं, त्यामुळे पहिली फाइल सुवनला पोचेपर्यंत काकांनी मावशींकडून सोयाबीन किती भिजवायचं, मीठ कधी घालायचं हे सगळं विचारून घेतलं. आपल्याला हे सगळं आधीच माहीत होतं, हे सांगायलाही ते विसरले नाहीत.

"प्योबाई," शेवटी ते म्हणाले, "त्या माणसाचा परत फोन आला तर उचलू नका. नंबर अडवून टाका. कसा अडवायचा ते मी सांगतो."

"अहो, कोंबड्या राहिल्यात की अजून."

"मावशी," बोरा म्हणाली.

"बरं बरं. अडवते." मग जरा थांबून, "बोरा ना गं नाव? छान आहे. राळेपेक्षा बरं. आता ठेव फोन. सकाळच्या ह्या गोंधळाने घसा मोकळा झालाय. पुढचं प्रकरण आत्ताच वाचून घेते."

दोघांनी फोन ठेवले. बोराच्या पडद्यावर पहिली फाइल येऊन पोचली होती. प्रयोगशाळेत जायला उशीर झालाच होता, तेव्हा आणखी थोडा झाला तरी चालेल असं तिने ठरवलं, आणि भिंतीला टेकून बसून ती फाइल उघडली. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दूर कुठेतरी कुत्रं एकदा भुंकलं. कोणीतरी पाण्याचा घोट घेतला, पान उलटलं, आणि मावशी अगदी पहिल्यापासून वाचू लागल्या.